पाणी लागणे

मराठीत 'पाणी लागणे' या वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत. विहीर किंवा कूपनलिका खणताना खडकात झरा सापडला की पाणी लागले असे आपण म्हणतो. आणि परगावी जाऊन प्रकृती बिघडली की त्या गावचे पाणी लागले, असेही म्हणतो. पहिला अर्थ आनंदाचा, दुसरा तक्रारीचा. आम्ही दोघेही भाषा शिकवतो, त्यामुळे हे दोन्ही अर्थ फळ्यावर कितीतरी वेळा लिहून झाले असतील. ते एकाच वर्षी, एकाच घरात, एकाच नळातून आमच्या वाट्याला येतील असे मात्र कधी वाटले नव्हते.

गोष्ट २०१५ च्या दुष्काळातली, लातूरची. त्यापूर्वी आमच्या वसाहतीत पाण्याची सरळ विभागणी होती. मांजरा धरणाचे नळाचे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, आणि बोअरचे पाणी वापराला. पावसाने पाठ फिरवली तसे नळाचे पाणी आधी आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी येऊ लागले. जुना बोअर आटला. वर्गणी काढून वसाहतीने नवा घेतला आणि सहाशे फुटांच्या आसपास पाणी लागले. रात्री अकरा वाजता यंत्राच्या तोंडातून राखाडी चिखल उडाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. कोणीतरी ओंजळभर पाणी चाखून 'गोडे आहे' असा निर्वाळा दिला. त्यानंतर कधीतरी ते पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरले. तसा निर्णय कोणी घेतला नाही. एके दिवशी नळाच्या पाण्याची कळशी रिकामी होती, बोअरच्या पाण्याची भरलेली होती, एवढेच घडले असावे. त्या दिवसाची तारीख आम्हाला सांगता येत नाही, आणि पुढचे सारे त्या न नोंदलेल्या तारखेपासून सुरू होते.

आई तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. आमच्यापैकी एकाच्या त्या आई, दुसरीच्या सासूबाई. लिहिताना दोघांना मिळून हे आदरार्थी रूपच सोयीचे वाटते. त्यांचे माहेर राजापूर तालुक्यात. लग्नानंतरची चाळीस वर्षे मुंबईत गेली आणि वडील गेल्यावर, २०१३ साली, त्या आमच्याकडे आल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतले. त्यांच्या वरणाची नातेवाइकांत ख्याती होती. त्यात विशेष असे काही नसे : तूरडाळ, हळद, हिंग, शिजल्यावर मीठ आणि गुळाचा बारीक खडा. पण ते एकजीव असे. पानात वाढल्यावर डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे असे कधी होत नसे. कृती विचारणाऱ्याला त्या 'त्यात काय सांगायचं' एवढेच म्हणत. न सांगता येण्यासारखे जे असते त्याला आपण हाताची चव म्हणतो. आम्हीही तेच म्हणत होतो.

ते वरण बिघडू लागले. चार शिट्ट्यांची डाळ सात शिट्ट्यांनंतरही दाताखाली येऊ लागली. आईंनी आधी डाळीला दोष दिला. तुरीच्या बाजारपेठेसाठी आणि डाळ गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात डाळ वाईट मिळावी, याचे त्यांना नवल वाटले. त्यांनी दुकान बदलले, मग कुकरचे रबर बदलायला लावले, मग डाळ आदल्या रात्री भिजत घालून पाहिली. दर वेळी थोडा फरक पडे, पण ते पूर्वीचे वरण काही होईना. चहावर तवंग दिसे. साबण हातावर फिरत राही आणि फेस येत नसे. केस धुतल्यावर चिकट राहतात, अशीही त्यांची तक्रार होती. या सगळ्या खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होत्या. पण त्या वेगवेगळ्या खोल्यांत आणि वेगवेगळ्या दिवशी दिसल्या, आणि आम्हाला त्या एका वाक्यात मांडता आल्या नाहीत.

त्याऐवजी आम्ही दुसरेच वाक्य तयार केले. आईंचे वय झाले. एकदा हा निष्कर्ष मनात बसल्यावर पुरावे आपोआप जमू लागले. त्या चष्मा कोठे ठेवला ते विसरल्या, एकदा दुधाखालचा गॅस बंद करायचा राहिला, एकदा शेजारणीचे नाव चुकले. या गोष्टी आमच्या हातूनही रोज होत असत. पण आमच्या बाबतीत त्या गडबडीत जमा होत आणि आईंच्या बाबतीत लक्षणांत. वर्गात कविता शिकवताना आम्ही मुलांना बजावत असतो की अर्थ आधी ठरवून मग ओळींत त्याचे दाखले शोधू नका. घरात आम्ही नेमके तेच करत होतो. आम्ही मृदू शब्दांत म्हणालो, "आई, आता राहू द्या. खूप केलंत. आपण बाई लावू." हे बोलताना आपण त्यांची काळजी घेत आहोत असेच आम्हाला वाटत होते. आई काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकाच्या बाई येऊ लागल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांचे वरण शिजले. आई काही दिवस दाराशी उभ्या राहून पाहत. पुढे त्यांनी तिथे उभे राहणेही सोडले.

२०१६ चा उन्हाळा आला. मार्च महिन्यात शहरातील पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. १० वाघिण्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्या दिवसांत गावात एकच परिमाण उरले होते, ते म्हणजे लिटर. टँकर किती लिटरचा, घरामागे किती लिटर, कोणाकडे किती साठले. आम्हीही हिशेबाची वही ठेवली होती. टंचाईत पाण्याला एकच गुण उरतो, तो म्हणजे असणे. पाणी कसे आहे हा प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटावे असे ते दिवस होते. आमच्या अंधत्वाचे हे एक कारण आहे. सबब म्हणून आम्ही ते पुढे करत नाही.

मे महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी आई राजापूरला गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर त्या सहज म्हणाव्यात तसे म्हणाल्या, "आज मी वरण लावलं होतं. तीन शिट्ट्यांत लोणी झालं." आम्ही 'वा वा' म्हणालो आणि माहेरच्या हवेला श्रेय देऊन टाकले. परतताना त्यांनी सोबत पाच लिटरचा एक कॅन आणला. त्यात माहेरच्या विहिरीचे पाणी होते. दुष्काळी गावात पाहुणा पाणी घेऊन येतो, यावर आम्ही थोडा विनोदही केला.

पुढच्या रविवारी बाईंची सुट्टी होती. आईंनी आम्हाला दोघांनाही स्वयंपाकघरात बोलावले. एकाच पिशवीतली डाळ त्यांनी एकाच वाटीने मोजून कुकरच्या दोन डब्यांत घातली. एकात कॅनमधले पाणी, दुसऱ्यात आमच्या नळाचे. हळद-हिंग दोन्हींत सारखे. दोन्ही डबे एकाच कुकरमध्ये, एकावर एक. चार शिट्ट्या झाल्या. वाफ जिरेपर्यंत कोणी बोलले नाही. वरचा डबा उघडला तेव्हा त्यात पळी फिरवण्याचीही गरज नव्हती. खालच्या डब्यात डाळीचे दाणे मोजता आले असते.

रसायनशास्त्राच्या भाषेत याहून निर्दोष प्रयोग सांगता येणार नाही. एक सोडून सर्व घटक समान ठेवायचे आणि त्या एकाचा परिणाम पाहायचा, हे तत्त्व आईंना कोणी शिकवले नव्हते. त्यांनी दोन्ही डब्यांकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे पाण्याचं होतं होय." मग लगेच, "ते दुसरं टाकू नका. रात्री फोडणीला घालीन."

दुसऱ्या दिवशी बाई आल्यावर आम्ही त्यांना विचारले की तुमची डाळ कशी शिजते. त्या आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहत म्हणाल्या, "सोडा घालते की चिमूटभर. बोरच्या पाण्यात सोड्याबिगर डाळ शिजती व्हय?" मग इतके दिवस आईंना सांगितले का नाही? "आजींना ठावं असंल वाटलं." हे उत्तर ऐकून आम्ही गप्प बसलो. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आमच्या घरात प्रश्न विचारण्याची कामे आमच्याकडे होती.

आता शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाकडे वळायला हवे, कारण त्यात हे सारे होते. दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी. व्याख्या, फरक, दोन कारणे, पाच गुण. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही ते दुष्फेन. शब्द मोठा नेटका आहे, पण तो साबणाच्या बाजूने घडवलेला आहे. पाण्याची ओळख त्यात मोरीपाशी होते. चुलीपाशी ते काय करते, हे त्या नावातून सुचत नाही. लोक त्याला जड पाणी म्हणतात. हा शब्द जिभेला आणि पोटाला जवळचा आहे, परंतु अणुभट्टीत लागणाऱ्या पाण्यालाही आपण जड पाणीच म्हणत असल्यामुळे पुस्तकांनी तो टाळला असावा. 'खारे' म्हणावे तर आमचे पाणी चवीला खारे नव्हते. पेढे वाटणाऱ्यांनी त्याला गोडे ठरवले होते आणि त्यात त्यांची चूक नव्हती. क्षार भरपूर असूनही मीठ फारसे नसेल तर जिभेला ते कळत नाही. थोडक्यात, आमच्याकडे शब्द चार होते. त्यांतला एकही आम्ही कुकरचे झाकण उघडताना उच्चारला नाही.

महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी आमचे पाणी तपासून दिले. चंबूतल्या नमुन्यात दर्शक टाकल्यावर ते द्राक्षाच्या रसासारखे तांबूस झाले. वरच्या नळीतून थेंब थेंब द्रावण पडत गेले आणि बऱ्याच वेळाने रंग एकदम निळा झाला. इतका वेळ लागणे हेच उत्तर होते. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला ६८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) ही मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. घरात दिवसाला २०० लिटर पाणी आले तर त्यात विरघळून १३६ ग्रॅम दगड येतो, असा त्याचा सोपा अर्थ सहकाऱ्यांनी सांगितला. गिझरच्या कॉइलवर, कुकरच्या तळाशी आणि बादलीच्या कडेला बसणारी पांढरी पुटे ती हीच. बाजारात मिळणारे टीडीएस मीटर हे सांगत नाही, अशीही त्यांनी जाणीव करून दिली. ते पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यांत कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि साधे मीठ किती, हे त्यातून कळत नाही.

डाळीचे कारणही त्यांच्याकडून समजले. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना विरघळतो आणि दाणा फुटतो. पाण्यातील कॅल्शियम त्या पेक्टिनला जखडून ठेवते, म्हणून दाणा अखंड राहतो. सोडा हे बंधन सैल करतो, मात्र ब जीवनसत्त्वाचा काही भागही नष्ट करतो. साबणाचे असे की कॅल्शियमशी संयोग पावून त्याचा न विरघळणारा साका होतो. फेस करायला साबण उरतच नाही. रिठ्याचा फेस मात्र अशा पाण्यातही होतो, कारण त्यातील द्रव्ये कॅल्शियमने तशी साकळत नाहीत. आईंनी तक्रार करता करता केसांसाठी मुकाट्याने रिठे आणि शिकेकाई भिजवायला सुरुवात केली होती. तीही खूण आम्ही जुन्या वळणात जमा केली होती.

राजापूरचे पाणी वेगळे का, याचे उत्तर आम्हाला सर्वांत विलक्षण वाटले. लातूरच्या खाली जो काळा पाषाण आहे, तोच दख्खनचा बेसाल्ट राजापूरच्या जांभ्याच्याही मुळाशी आहे. फरक पावसाचा. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याने लाखो वर्षांत त्या खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेले आणि मागे लोह-ॲल्युमिनियमची तांबडी भुई ठेवली. त्या विहिरीत येणाऱ्या पाण्याला विरघळवून घ्यायला फारसे काही शिल्लक नाही. लातूरकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. खडक अजून भरलेला, आणि पाणी जितके खोल तितका त्याचा खडकाशी सहवास अधिक. आई त्या दोन पावसांमधले अंतर ओलांडून आल्या होत्या. मुंबईची चाळीस वर्षेही तलावांच्या मऊ पाण्यावर गेली होती. म्हणजे ज्याला आम्ही हाताची चव म्हणत होतो, त्यातला काही वाटा पावसाचा होता. हे मान्य केल्याने आईंचे कौतुक कमी होत नाही. उलट ते पाणी नसताना, कारण माहीत नसताना, त्यांनी किती तऱ्हांनी झगडून पाहिले हे आता दिसते.

पुढे उपायांचा शोध सुरू झाला. तुरटीने गढूळपणा बसतो, दुष्फेनता जात नाही. पाणी उकळून निवळू दिल्यास बायकार्बोनेटमुळे आलेला भाग तळाशी बसतो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. ॲबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पाण्यात चुन्याची निवळी घालून चुनाच बाहेर काढण्याची रीत पेटंट केली. काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार, पण मात्रा मोजून घालावी लागते, त्यामुळे घरी तो जमण्यासारखा नाही. मिठावर चालणारी सॉफ्टनर यंत्रे कॅल्शियमच्या जागी सोडियम देतात. आईंना रक्तदाबाचा त्रास असल्याने ते स्वयंपाकाच्या पाण्यासाठी नको होते. आरओ यंत्राने काम झाले असते, परंतु लिटरभर पाण्यामागे ते दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ज्या गावाने पाण्याची रेल्वे पाहिली तिथे ते टाकलेले पाणी पाहवेना. शेवटी आम्ही लहान यंत्र घेतले, त्याचे टाकाऊ पाणी फरशी आणि संडासाला वापरले, आणि तरीही मनात खटकत राहिले.

खरा उपाय आईंनीच काढला. २०१६ चा पावसाळा मराठवाड्यात चांगला झाला. पहिले दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ दिल्यावर त्यांनी पन्हळीच्या तोंडाशी धुतलेल्या धोतराचे फडके बांधायला लावले आणि खाली दोन पिंपे ठेवली. आभाळातून आलेले पाणी अजून कोणत्याच खडकाला भेटलेले नसते. त्या पाण्यात डाळ तीन शिट्ट्यांत शिजली. तेव्हापासून दरवर्षी मृगाच्या सुमारास फडके धुऊन ठेवले जाते. झाकलेल्या पिंपांतले पाणी दिवाळीपर्यंत वरणापुरते पुरते; ते गाळून आणि उकळूनच वापरतो. पुढे यंत्राचे पाणी असते.

मराठीत एखाद्याला पाण्यात पाहणे म्हणजे त्याचा द्वेष करणे. आम्ही द्वेष केला नाही. फक्त पाण्यात पाहायचे सोडून माणसाकडे पाहिले. आज विचार केला की असे वाटते, हे आमच्या एकट्याच्या घरातले नसावे. बोअर जसजसे खोल गेले, तसतसे किती घरांतल्या बायकांना 'पूर्वीसारखं होत नाही हो तुमच्या हातचं' हे ऐकावे लागले असेल. पाणी किती फुटांवर लागले हे गावभर सांगितले जाते. ते कोणाला लागले, हे स्वयंपाकघराबाहेर येत नाही.

आईंनी आम्हाला कधी बोल लावला नाही आणि आम्हीही त्यांची शब्दांत क्षमा मागितली नाही. घरातल्या माणसांत अशा गोष्टी बोलून दाखवण्याची आमच्याकडे रीत नाही, अशी स्वतःची समजूत घालून आम्ही ते पुढे ढकलत आलो. हा लेख त्यांना वाचून दाखवायचे ठरवले आहे. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. बाकीचा स्वयंपाक बाई करतात. वरण आई लावतात. ते उत्तम होते. मात्र कुकरचे झाकण उघडण्यापूर्वी त्या अजूनही एकदा मान वळवून आमच्याकडे पाहतात. पूर्वी तसे पाहत नसत.